डिझायनर आणि बिल्डर यांची भागीदारी: घरे मिळून कशी उभारावीत

घराचा आराखडा एकाने करायचा, ते बांधायचे दुसऱ्याने आणि दोघांमधला वाद मिटवायचा घरमालकाने, ही पद्धत इतकी रुळलेली आहे की तिच्यामुळे होणारा खर्च कोणी वेगळा मोजत नाही. फोडलेल्या भिंती, उखडून पुन्हा बसवलेल्या फरशा आणि ‘हे नकाशात नव्हते’, ‘नव्हते कसे, होते’ अशा पत्रव्यवहारात गेलेले आठवडे, यांत तो दडलेला असतो. डिझायनर आणि बिल्डर यांनी कायमची भागीदारी केली तर त्यातला बराचसा टळू शकतो. मात्र एका पाटीवर दोन नावे रंगवल्याने तो आपोआप टळत नाही. कोणता निर्णय कोणाचा, तो कोणत्या टप्प्याआधी झाला पाहिजे आणि चुकल्यास भरपाई कोणी करायची, या तीन प्रश्नांची उत्तरे पायाची खोदाई सुरू होण्यापूर्वी कागदावर उतरलेली असावी लागतात. पुढील विवेचन अशी भागीदारी करू इच्छिणाऱ्या दोन्ही बाजूंसाठी आहे. त्यात ‘डिझायनर’ म्हणजे आराखडा करणारी व्यक्ती वा कार्यालय, मग ते आर्किटेक्टचे असो वा अंतर्गत रचनाकाराचे, आणि ‘बिल्डर’ म्हणजे प्रत्यक्ष बांधणारी व्यक्ती वा संस्था.

भागीदारीचा प्रकार आधी ठरवावा

एकत्र काम करण्याचे साधारणपणे तीन प्रकार आढळतात. पहिल्यात दोघे मिळून एकच संस्था काढतात आणि ग्राहकाशी आराखडा व बांधकाम या दोन्हींचा मिळून एकच करार करतात. दुसऱ्यात दोन्ही व्यवसाय स्वतंत्र राहतात आणि ग्राहकाशी करारही वेगवेगळे होतात, परंतु दोघे एकमेकांसोबत ठरलेल्या पद्धतीने काम करतात. तिसऱ्यात ग्राहक आधी नसतोच; बिल्डर स्वतःच्या भांडवलावर जमीन घेऊन घरे बांधतो व विकतो, आणि डिझायनरला शुल्काबरोबर नफ्यातला वाटा मिळतो.

तिसऱ्या प्रकाराची दोन उदाहरणे अभ्यासण्यासारखी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये एरिक लायन्स आणि जेफ्री टाउनसेंड या दोघा आर्किटेक्टांनी कामाची वाटणी करून घेतली. लायन्स आराखडे करत राहिले आणि टाउनसेंड विकासक झाले. विकासकाचा व्यवसाय करणे आर्किटेक्टांच्या व्यावसायिक संस्थेच्या तेव्हाच्या नियमांत बसत नसल्यामुळे टाउनसेंड यांना तिचे सदस्यत्व सोडावे लागले. ‘स्पॅन’ या नावाने त्यांनी दोन हजारांहून अधिक घरे उभारली. सामाईक बागांभोवती केलेल्या मांडणीमुळे त्या वसाहती आजही नावाजल्या जातात. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात जोसेफ आयक्लर या बिल्डरने ॲन्शन अँड ॲलन, जोन्स अँड एमन्स यांसारख्या आर्किटेक्ट कार्यालयांना सोबत घेऊन सुमारे अकरा हजार घरे बांधली. दोन्हीकडे आराखडा एका घरापुरता नव्हता. एका घरात सापडलेली अडचण पुढच्या घराच्या नकाशात दुरुस्त होत असे, आणि अशा भागीदारीचा खरा फायदा मला याच ठिकाणी दिसतो. एकच घर बांधून वेगळे व्हायचे असेल, तर एवढा खटाटोप करण्यापेक्षा नेहमीचा करार पुरेसा आहे.

टाउनसेंड यांना सदस्यत्व का सोडावे लागले, याचा विचार मात्र भागीदारी करणाऱ्या प्रत्येकाने करावा. अमेरिकेतील आर्किटेक्टांच्या संस्थेनेही १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत आपल्या सदस्यांना बांधकामाचे कंत्राट घेण्यास मनाई केली होती. बांधकामावर ग्राहकाच्या वतीने नजर ठेवणे हे डिझायनरचे काम, आणि तोच बांधकामाच्या नफ्यात वाटेकरी झाला तर नजर कोणी ठेवायची, हा त्यामागचा प्रश्न होता. नियम सैल झाले तरी प्रश्न संपलेला नाही. त्यावर प्रामाणिक उत्तर एकच आहे, आणि ते ग्राहकाला पहिल्याच बैठकीत सांगावे: आम्ही दोघे एका बाजूला आहोत, म्हणून हिशेब खुले राहतील आणि महत्त्वाच्या टप्प्यांवर तुम्ही नेमलेला तिसरा, स्वतंत्र अभियंता तपासणी करील. अशा तपासणीला जो भागीदार नाके मुरडतो, त्याच्याशी भागीदारी करण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

एकमेकांची पारख

बिल्डरची पारख नव्या, चकचकीत घरावरून करू नये. त्याने चार-पाच वर्षांपूर्वी बांधलेले, लोक राहत असलेले घर पाहावे आणि शक्य असल्यास दोन पावसाळ्यांनंतरचे पाहावे. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर ओल आहे का, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या आहेत का, गच्चीवर पाणी साचल्याचे डाग कुठे आहेत, हे पाहिल्यावर माहितीपत्रकाची गरज उरत नाही. चालू कामावरही जावे, पण पूर्वसूचना देऊन नव्हे. सिमेंटची पोती जमिनीवर टाकलेली आहेत की फळ्यांवर, नव्या काँक्रीटवर पाणी मारले जात आहे की नाही, साइटवरच्या मिस्त्रीच्या हातात नकाशाची ताजी प्रत आहे की दोन सुधारणांपूर्वीची, या गोष्टी पाच मिनिटांत कळतात.

डिझायनरची पारख बिल्डरने त्याच्या नकाशांवरून करावी, चित्रांवरून नव्हे. त्याच्या एखाद्या पूर्ण झालेल्या घराचा नकाशांचा संपूर्ण संच मागून घ्यावा आणि आपल्या अनुभवी माणसाला त्यावरून अंदाजपत्रक करायला सांगावे. ते करताना त्याला किती वेळा थांबून ‘हे माप कुठले?’ असे विचारावे लागले, याची नोंद ठेवावी. संगणकावर काढलेले दिवाणखान्याचे देखणे चित्र पाहून भाव लावता येत नाही. दरवाजाची चौकट भिंतीत नेमकी कुठे बसते, हे दाखवणाऱ्या छेदावरून, म्हणजे भिंत कापल्यासारखी दाखवणाऱ्या नकाशावरून, लावता येतो. शिवाय डिझायनर साइटवर किती वेळा येतो आणि आल्यावर गवंड्याशी, सुताराशी कसा बोलतो, हेही पाहावे. कारागिराने सुचवलेला बदल ऐकून घेणारा डिझायनर पुढे पुष्कळ पैसा वाचवतो.

ही पारख झाल्यावरही लगेच संस्था काढू नये. एखादे लहान काम, स्वयंपाकघराचे नूतनीकरण किंवा एका खोलीची वाढ, दोघांनी मिळून करावे. जुन्या घरातल्या कामात अनपेक्षित गोष्टी हटकून निघतात, आणि वाईट बातमी हाती आल्यावर भागीदार ती किती तासांत सांगतो, हे तिथे समजते.

करारात काय असावे

भागीदारीचा करार वकिलाकडून करून घ्यावा, हे सांगण्याची गरज नाही. परंतु वकील जे विचारणार नाही, ते दोघांनी आधी बोलून ठरवले पाहिजे.

पैशाच्या बाबतीत दोन्ही व्यवसायांची चाल वेगळी असते. डिझायनरचे बहुतेक श्रम सुरुवातीच्या महिन्यांत खर्च होतात. बिल्डरचा पैसा त्यानंतर, साहित्य आणि मजुरी यांत अडकतो. ग्राहकाकडून बिले टप्प्याटप्प्याने येतात, आणि त्यांतूनही दोषदुरुस्तीसाठी काही टक्के रक्कम शेवटपर्यंत राखून ठेवली जाते. सगळा नफा काम संपल्यावर वाटायचा असे ठरवले, तर डिझायनर वर्षभर स्वतःच्या खिशातून कार्यालय चालवत राहतो आणि नंतर एखाद्या काँक्रीटच्या दुरुस्तीत त्याचा वाटा वाहून जातो. म्हणून आराखड्याचे शुल्क हा कामाचा खर्च मानून ते दरमहा द्यावे. तसेच बिल्डरच्या कार्यालयाचा आणि देखरेख करणाऱ्या अभियंत्याचा खर्चही कामावर टाकावा. उरेल तो नफा, आणि वाटणी फक्त त्याची. ग्राहकाकडून आलेली आगाऊ रक्कम त्याच घराच्या स्वतंत्र खात्यात राहावी. एका घराच्या पैशातून दुसऱ्याची देणी भागवण्याची सवय लागली की हिशेब कोणालाच उलगडत नाही.

निर्णयांची वाटणी नावानिशी लिहावी. दिसण्याचा, मापांचा आणि साहित्याच्या निवडीचा अखेरचा शब्द डिझायनरचा. कामाचा क्रम, मजूर, यंत्रे आणि सुरक्षितता यांचा बिल्डरचा. रचनेच्या मजबुतीचा मात्र दोघांपैकी कोणाचाच नाही, तो स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. ठरलेल्या अंदाजपत्रकाबाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट दोघांच्या सहीने व्हावी. मतभेद झाल्यास किती दिवसांत तोडगा काढायचा आणि तो न निघाल्यास कोणाकडे जायचे, हेही त्यातच यावे. दोघांनाही मान्य असलेला एखादा जुना अभियंता यासाठी वकिलापेक्षा उपयोगी पडतो, कारण बहुतेक वाद मुळात तांत्रिक असतात आणि नंतर मानापमानाचे होतात.

विम्याकडे विशेष लक्ष द्यावे. अनेक देशांच्या कायद्यांत डिझायनरकडून वाजवी कौशल्याची आणि काळजीची अपेक्षा असते, तर बांधून देणाऱ्याने दिलेली वस्तू तिच्या उपयोगास योग्य असलीच पाहिजे, असे मानले जाते. दोन्ही जबाबदाऱ्या एका संस्थेवर आल्या की डिझायनरच्या पूर्वीच्या व्यावसायिक विम्यात न बसणारा धोका त्याच्या गळ्यात पडू शकतो. एकत्र संस्थेचा पहिला करार करण्यापूर्वीच विमा कंपनीकडून लेखी खुलासा घ्यावा.

शेवटी, वेगळे होण्याची कलमे. अर्धवट राहिलेले घर कोणी पूर्ण करायचे, नकाशांचे हक्क कोणाकडे राहतील, आणि वेगळे झाल्यानंतर तीन वर्षांनी गळती निघाली तर दुरुस्तीचा खर्च कोणत्या प्रमाणात वाटला जाईल, हे संबंध उत्तम असतानाच ठरवावे.

नकाशा पक्का होण्यापूर्वी बिल्डरला बसवावे

नेहमीच्या पद्धतीत आराखडा पूर्ण होतो, मग भाव मागवले जातात, ते अंदाजापेक्षा बरेच जास्त येतात आणि मग आराखडा कापला जातो. भागीदारीत हा क्रम उलटा करावा. ग्राहकाचा एकूण खर्च पहिल्या बैठकीत स्पष्ट विचारून घ्यावा. त्यातून शुल्क, परवानग्या, कर आणि राखीव रक्कम आधीच बाजूला काढावी. राखीव रक्कम नव्या बांधकामात साधारणपणे पाच ते दहा टक्के, आणि जुन्या घरात भिंतीमागे काय निघेल याची खात्री नसल्यामुळे त्याच्या दुप्पट धरणे शहाणपणाचे ठरते. जे उरते, ते पाया व सांगाडा, भिंती, दारे-खिडक्या, पाणी व वीज, फरशी व रंग अशा भागांत वाटावे आणि प्रत्येक भागाची मर्यादा हीच आराखड्याची अट मानावी.

त्यानंतर बिल्डरने किमान तीन वेळा भाव काढावा: पहिल्या कच्च्या रेखाटनावर क्षेत्रफळाच्या हिशेबाने, मांडणी ठरल्यावर भागवार, आणि तपशीलवार नकाशांवर प्रत्यक्ष परिमाणे मोजून. पहिल्या वेळचा आकडा ढोबळ असणार, हे दोघांनी मान्य करावे. बिल्डर घाबरून वाढवलेला आकडा देऊ लागला तर डिझायनर त्याच्यावर विश्वास ठेवणे सोडतो, आणि गोड वाटावे म्हणून कमी सांगू लागला तर ग्राहक सोडतो.

या टप्प्यावर बिल्डरकडून मिळणारी माहिती फार मोलाची असते आणि ती बहुतेकदा एका वाक्याची असते. दोन खोल्यांच्या भिंती एका रेषेत आणल्या तर एक बीम वाचतो. दोन मजल्यांवरची बाथरूम एकावर एक घेतली तर पाण्याचे व सांडपाण्याचे उभे पाइप एकाच ठिकाणी येतात. स्लॅबचा एक कोपरा गोल केला तर सेंटरिंगवाल्याचे, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी साचा बांधणाऱ्याचे, दोन दिवस वाढतात, पण भिंत गोल केली तर खिडकी, कपाट, फरशी आणि पडदा या सगळ्यांचे काम वाढते. असे ऐकल्यावर डिझायनरने गोल भिंत सोडावी, असे नाही. तिची किंमत माहीत असताना ठेवावी किंवा सोडावी, एवढेच.

खर्च कमी करण्याच्या नावाखाली मात्र एक गोष्ट सर्रास घडते. ‘व्हॅल्यू इंजिनिअरिंग’ ही पद्धत १९४०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये लॉरेन्स माइल्स यांनी विकसित केली, तेव्हा तिचा गाभा हा होता की वस्तूचे कार्य आधी निश्चित करावे आणि तेच कार्य कमी खर्चात दुसऱ्या मार्गाने होते का ते शोधावे. बांधकामात मात्र आज तिचा अर्थ पुष्कळदा महाग साहित्याच्या जागी स्वस्त साहित्य एवढाच होतो. कपात करायची झाल्यास घराचे क्षेत्रफळ, गुंतागुंत आणि सजावट यांत करावी. जलरोधक थर, पाइप, वायरी आणि खिडक्यांच्या फटी भरण्याचे साहित्य यांत करू नये, कारण ते नंतर बदलण्यासाठी त्याच्यावरचे सगळे फोडावे लागते.

जिन्याचे उदाहरण

नकाशा आणि साइट यांच्यात फट कुठे पडते, हे पाहायचे असेल तर जिना पाहावा. समजा, एका मजल्याच्या तयार फरशीपासून दुसऱ्या मजल्याच्या तयार फरशीपर्यंतची उंची ३००० मिलिमीटर आहे आणि तीत १८ पायऱ्यांची चढण घ्यायची आहे. म्हणजे प्रत्येक पायरीची उंची सुमारे १६७ मिलिमीटर येते, आणि नकाशावर तेवढेच लिहिलेले असते. सेंटरिंग करणारा सुतार प्रामाणिकपणे स्लॅबपासून १६७ची प्रत्येक पायरी बांधतो आणि काँक्रीट ओतले जाते. पुढे काही महिन्यांनी खोल्यांमध्ये मसाला आणि फरशी मिळून ६० मिलिमीटरचा थर बसतो, तर पायऱ्यांवर दगडाची लादी बसवताना ३५ मिलिमीटरच लागतात. आता सर्वांत खालची पायरी १४२ मिलिमीटर उंच झालेली असते, सर्वांत वरची १९२, आणि मधल्या सगळ्या १६७. पहिल्या आणि शेवटच्या पायरीत पाच सेंटीमीटरचा फरक पडला. चढताना पायाला आधीच्या पायरीच्या उंचीची सवय होते आणि शेवटच्या पायरीवर ठेच लागते. अमेरिकेतील निवासी बांधकामाच्या आदर्श संहितेत एका जिन्यातील सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत साडेनऊ मिलिमीटरहून अधिक फरक चालत नाही, यावरून पाच सेंटीमीटर किती होतात ते समजावे.

यात चूक कोणाची? डिझायनरने तयार मापे दिली, सुताराने ती काँक्रीटची समजली, आणि फरशीच्या थराची जाडी ठरवणारी व्यक्ती तेव्हा चित्रातच नव्हती. उपाय अगदी साधा आहे: कच्च्या काँक्रीटमध्ये पहिली पायरी १९२ची आणि शेवटची १४२ची बांधायची, म्हणजे लादी बसल्यावर सगळ्या सारख्या होतात. परंतु त्यासाठी कोणत्या खोलीत कोणती फरशी आणि जिन्यावर कोणती लादी, हे जिन्याचे सेंटरिंग लागण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. ग्राहकाला तेव्हा फरशीच्या दुकानात जाण्याची इच्छा नसते, कारण घराला अजून भिंतीही नसतात. म्हणूनच भागीदारांनी कामाच्या वेळापत्रकाबरोबर निर्णयांचे वेळापत्रक बनवावे. त्यात प्रत्येक निवडीसमोर ती कोणत्या बांधकामाच्या टप्प्याआधी झाली पाहिजे, हे लिहावे, आणि ते ग्राहकाच्या हाती पहिल्याच महिन्यात द्यावे.

अशा जागा आणखीही आहेत. बाथरूमची आतली रुंदी नकाशात १५०० मिलिमीटर असते. ती विटेपासून विटेपर्यंत धरली आणि दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर प्लास्टर व १२ मिलिमीटर टाइल आणि चिकटद्रव्य लागले, की १४४६ उरते आणि १५०० मिलिमीटरचा टब दारातच थांबतो. यावर नियम असा करावा की नकाशावरील प्रत्येक मापापुढे ते कच्चे की तयार, हे एका अक्षराने लिहिलेच पाहिजे. कमोडचा ११० मिलिमीटरचा पाइप तीन मीटर आडवा नेऊन १:६० उतार दिला तर उतारातच पाच सेंटीमीटर जातात. त्यासाठी स्लॅब खाली घ्यायचा की पाइप खालच्या मजल्याच्या छताखाली लटकवायचा, हे स्लॅबच्या सळया बांधण्यापूर्वी कळायला हवे. बीममधून पाइप न्यायचा असेल तर स्लीव्हची, म्हणजे त्यासाठी काँक्रीटमध्ये आधीच ठेवायच्या नळीची, जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरने दाखवावी. प्लंबरने नंतर छिन्नीने बीम फोडणे कोणत्याही परिस्थितीत चालू देऊ नये.

साइटवरची शिस्त

आठवड्यातून एक बैठक साइटवरच घ्यावी; कार्यालयात घेतलेल्या बैठकीत भिंत दाखवता येत नाही. डिझायनर, बिल्डर आणि साइट अभियंता कायम असावेत आणि त्या आठवड्यात ज्यांचे काम आहे ते प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार यांनाही बोलवावे. पुढच्या सहा आठवड्यांत कोणती कामे येत आहेत आणि त्यांतल्या कोणत्या कामासाठी नकाशा, साहित्य, मजूर किंवा आधीचे काम यांपैकी काय अडले आहे, एवढेच पाहावे. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९०च्या दशकात बांधकामाच्या नियोजनाचा अभ्यास केला, तेव्हा आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम निम्म्याच्या आसपास ठरल्याप्रमाणे पूर्ण होतात, असे त्यांना आढळले होते. त्यांचा उपाय असा होता की ज्या कामाची सगळी तयारी झाली आहे तेच आठवड्याच्या यादीत घ्यावे, आणि जे राहिले त्याचे कारण दर आठवड्याला लिहावे. काही आठवड्यांनंतर तीच तीन-चार कारणे पुन्हापुन्हा दिसू लागतात, आणि त्यांतले निदान एक बहुधा ‘नकाशा उशिरा आला’ हे असते. डिझायनरने ते वाचून रागावू नये.

साइटवर सूचना एकाच मार्गाने जाव्यात. ग्राहक मिस्त्रीला, डिझायनर सुताराला आणि बिल्डर सगळ्यांना वेगवेगळे सांगू लागले की कारागीर शेवटी बोलणाऱ्याचे ऐकतो. डिझायनरने साइट अभियंत्याला सांगावे, त्याने ते त्याच दिवशी लिहून सर्वांना पाठवावे आणि नंतरच काम व्हावे. ग्राहकाने मागितलेल्या बदलाची किंमत आणि त्याने वाढणारे दिवस काम करण्यापूर्वी लेखी कळवून सही घ्यावी. ‘एवढ्याशा कामाचे काय लिहायचे’ असे म्हणून सोडलेल्या बदलांची बेरीज शेवटच्या बिलात दिसते, आणि तेव्हा ती कोणालाच मान्य नसते.

जे झाकले जाणार आहे, ते झाकण्यापूर्वी दोघांनी पाहावे, असा नियम ठेवावा आणि त्यापुढे काम थांबवण्याचा अधिकार दोघांनाही असावा. पायाचे खड्डे, काँक्रीटपूर्वीच्या सळया व त्या साच्याला टेकू नयेत म्हणून त्यांच्या खाली ठेवलेले कव्हर ब्लॉक, भिंतीतले पाइप प्लास्टरपूर्वी दाबाखाली तपासणे, बाथरूम आणि गच्चीचा जलरोधक थर फरशीपूर्वी किमान चोवीस तास पाणी साठवून पाहणे, हे टप्पे त्यात यावेत. प्रत्येक भिंतीचे प्लास्टरपूर्वीचे छायाचित्र मोजपट्टी लावून काढावे. पुढे कोणी खिळा ठोकायला ड्रिल लावताना ते छायाचित्र कामी येते. काँक्रीटची मजबुती मोजण्यासाठी त्याचे ठोकळे सात आणि अठ्ठावीस दिवसांनी तपासले जातात. घाईच्या वेळापत्रकात अठ्ठाविसाव्या दिवसाचा अहवाल कोणी मागत नाही, म्हणून तो मागण्याचे काम डिझायनरकडे सोपवावे. किमान सात दिवस काँक्रीट ओले ठेवण्याची जबाबदारी बिल्डरची, आणि ती सुट्टीच्या दिवशीही असते.

पहिली बाथरूम आणि पहिली खिडकी पूर्णपणे तयार करून घ्यावी, मग बाकीच्यांना हात लावावा. त्या एका खोलीत डिझायनर, बिल्डर आणि कारागीर यांनी मिळून अर्धा दिवस घालवला तर टाइलच्या कापलेल्या पट्ट्या कुठे लपवायच्या, नळ कितीवर घ्यायचा, खिडकीच्या दाशाला, म्हणजे चौकटीखालच्या पट्टीला, बाहेरच्या बाजूस उतार आणि खाली पाणी तोडणारी खाच आहे का, हे सगळे ठरून जाते. डिझायनरने नंतर नकाशा त्या नमुन्याप्रमाणे सुधारावा. पुष्कळ कार्यालये हे करत नाहीत आणि पुढच्या घरात तीच चर्चा पहिल्यापासून होते.

ताबा दिल्यानंतर

ताबा देण्याच्या आधी दोघांनी खोलीखोलीतून फिरून दोषांची यादी एकत्र करावी. डिझायनरने एक आणि बिल्डरने दुसरी यादी केली की ती वाटाघाटीचा विषय होते. ग्राहकाला प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे सुधारलेले नकाशे, उपकरणांची हमीपत्रे, पाणी आणि वीज बंद करण्याच्या जागा, रंगांची व टाइलची नावे आणि थोड्या जास्तीच्या टाइल द्याव्यात. दोषदुरुस्तीच्या मुदतीत, ती बहुधा सहा महिने ते वर्षाची असते, तक्रार घेण्यासाठी एकच माणूस आणि एकच क्रमांक असावा. नव्या प्लास्टरवर पहिल्या वर्षात केसासारख्या बारीक भेगा येतात, हे आधी सांगितले तर ती माहिती असते. नंतर सांगितले तर सबब वाटते.

हिशेब पूर्ण झाल्यावर दोघांनी एक दिवस केवळ आकड्यांसाठी द्यावा. प्रत्येक भागाचा ठरवलेला खर्च आणि झालेला खर्च शेजारी मांडावा, आणि फरक का पडला ते लिहावे: आराखडा बदलला, परिमाण चुकले, भाव वाढला, की काम दोनदा करावे लागले. दोनदा झालेल्या कामाचा खर्च वेगळ्या रकान्यात घ्यावा, मग तो कोणाच्याही चुकीमुळे झालेला असो. जे तपशील नीट जमले, मग ती खिडकीची चौकट असो, गच्चीच्या कठड्याखालचा जलरोधक थर असो वा जिन्याची पहिली पायरी असो, त्यांचे नकाशे, लागलेले साहित्य आणि मजुरीचे तास यांसह एका सामाईक संचात ठेवावेत. पुढच्या घराचा पहिला भाव त्या संचावरून काढावा आणि ज्या तपशिलाची नोंद त्यात नाही, त्यावर पहिल्याच बैठकीत बिल्डरला प्रश्न विचारावा.